कोषाला मृग कसा कळतो?

जानेवारीत आरमोरीकडे गेलात, तर टसर रेशमाचे अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रात एक अशी खोली पाहायला मिळते की जिथे पाच-सहा महिने काहीच घडत नाही. आडव्या बांबूंवरून कोषांच्या माळा लोंबत असतात, एकीला लागून दुसरी. कोष तळहातावर घ्यावा. कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, राखाडी-पिवळट, नखाने टोकरले तरी ओरखडा न उठणारा. वर चिवट देठ आणि देठाच्या टोकाला कडे. हे कडे अळीने स्वतःच्याच रेशमाने ऐनाच्या फांदीभोवती घातलेले असते, म्हणजे वारा सुटला तरी कोष गळू नये. कानाशी धरून हलवला की आत काहीतरी जड आदळते. आतला जीव मेला असेल तर आवाज हलका येतो, वाळलेल्या शेंगेतल्या बीसारखा.

झाडीपट्टीत याला कोसा म्हणतात आणि ऐनाला येन. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत ढिवर समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ही अळी राखत आली आहेत. पाखरांना हाकलत, मुंग्यांवर नजर ठेवत, पाने संपली की अळ्या दुसऱ्या झाडावर चढवत. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावच्या मागावर विणले जाणारे कोशाचे कापड याच किड्याचे. राज्याचे रेशीम संचालनालयही नागपूरलाच आहे. म्हणजे हा किडा आमच्या घरचा, आणि तरी त्याच्याबद्दलचा सर्वात साधा प्रश्न आम्ही क्वचितच विचारतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला अंड्यातून निघालेली अळी कोष करते, तेव्हा त्यातून तीनेक आठवड्यांत पतंग बाहेर येतो. तिचीच लेकरे किंवा नातवंडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास कोष करतात. झाड तेच, कोषही तसाच. पण यातला जीव पतंग होत नाही. तो थांबतो. हिवाळा जातो, पळस फुलून झडतो, नागपूरचे ऊन पंचेचाळीस अंशांपलीकडे जाते, तरी आतला कोषस्थ जीव तसाच. आणि मृग जवळ आला की एका संध्याकाळी माळेतला पहिला कोष देठाच्या बाजूने ओला होतो.

या जिवाला थांबायला कोणी सांगितले, आणि उठायला कोणी सांगितले?

उत्तराचा पहिला धागा, अगदी शब्दशः धागा, पोलंडमध्ये सापडला. स्टेफान कोपेच हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ जिप्सी पतंगाच्या अळ्यांवर काम करत होता. 1917 मध्ये आणि पुढे 1922 मध्ये त्याने जे प्रसिद्ध केले, ते त्या काळी बऱ्याच जणांना पटलेच नाही. त्याने शेवटच्या टप्प्यातल्या अळीच्या कमरेला दोरा आवळून बांधला. रक्त इकडून तिकडे जाणे बंद. एका ठरावीक दिवसाच्या आत दोरा बांधला, तर पुढचा भाग कोषावस्थेत जाई आणि मागचा भाग अळीच राही. तो दिवस उलटल्यावर बांधला, तर दोन्ही भाग बदलत. मग त्याने मेंदू काढून पाहिला. लवकर काढला तर अळी जिवंत राही, पण बदलत नसे. उशिरा काढला तर मेंदूवाचूनही बदल होई. मज्जारज्जू तोडून काही फरक पडत नव्हता. म्हणजे मेंदू नसांतून हुकूम देत नव्हता, रक्तात काहीतरी सोडत होता. मेंदू ही रस सोडणारी ग्रंथीही असते, ही कल्पना प्राणिविश्वात प्रयोगाने उभी राहिली ती इथे, एका किड्यात. कोपेचला 1941 मध्ये नाझी सैन्याने गोळ्या घालून मारले. त्याच्या दोऱ्याची किंमत जगाला कळली ती पुढच्या काही वर्षांत.

पुढचे काम जपानी रेशीमकिड्यांनी केले. सोइची फुकुदा यांनी 1940 च्या सुमारास दाखवले की मेंदूचा रस स्वतः कात टाकायला लावत नाही. तो छातीच्या पुढच्या भागात असलेल्या ग्रंथींना जागे करतो आणि त्या ग्रंथी दुसरा रस तयार करतात. त्यांना अग्रवक्ष ग्रंथी म्हणू. हा दुसरा रस काय आहे, हे पाहण्यासाठी जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्याचे 500 किलो कोषस्थ जीव घेतले, आणि 1954 मध्ये त्यातून त्यांच्या हाती जे स्फटिक लागले त्यांचे वजन होते 25 मिलिग्रॅम. अर्धा टन किड्यांतून चिमूटभरही नाही. त्याचे नाव एक्डायसोन. किडा कात टाकतो, कोषात जातो, पंख फोडतो, या सगळ्यामागे हाच रेणू.

संप्रेरक म्हटले की आपण रसायनाकडे पाहतो, आणि हे रसायन करते काय याची यादी करतो. माझ्या मते पाहायचे असते ते त्याच्या एक पायरी मागे. रेणू तोच आहे, ग्रंथी तीच आहे, नोव्हेंबरच्या कोषातही ती शाबूत आहे. फरक इतकाच, की तिला अजून कोणी ‘कर’ म्हटलेले नाही. किड्याचे आयुष्य ठरते ते संप्रेरक कधी करायचे आणि कधी नाही, या निर्णयावर.

हा ‘कर’ म्हणणारा रस म्हणजे मेंदूचे संप्रेरक. प्रोथोरॅसिकोट्रॉपिक हार्मोन असे त्याचे लांबलचक नाव आहे आणि अभ्यासक त्याला पीटीटीएच म्हणतात. रेशीमकिड्याच्या मेंदूत ते तयार करणाऱ्या पेशी किती असाव्यात? दोन जोड्या. चार पेशी. जपानी संशोधकांनी लाखो पतंगांची डोकी गोळा करून हे प्रथिन वेगळे केले, तेव्हा कुठे 1990 मध्ये त्याची पूर्ण रचना कळली. या चार पेशींचे लांब तंतू मेंदूच्या मागे असलेल्या एका बारीक ग्रंथीपर्यंत जातात. हुकूम तिथे पोचून साठतो, आणि वेळ आली की रक्तात सुटतो.

रक्तातून तो अग्रवक्ष ग्रंथीवर पोचतो. तिथल्या पेशींच्या अंगावर टॉर्सो नावाचा ग्राहक आहे. पीटीटीएचची गाठ त्याच्याशी पडते हे 2009 मध्ये कळले. ही गाठ पडली की पेशीच्या आत एकामागून एक प्रथिने जागी होतात आणि एक्डायसोन घडवणाऱ्या विकरांचे जनुक कामाला लागतात. या जनुकांची नावे स्पूक, फँटम, शॅडो, डिसएम्बॉडीड अशी आहेत, सगळी भुताखेतांची. कारण फळमाशीत हे जनुक बिघडले की भ्रूणाला धड त्वचाच येत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो पांढुरक्या छायेसारखा दिसतो. ज्यांनी प्रथम ते पाहिले त्यांना भूतच आठवले, आणि हा सगळा गट हॅलोवीन जनुके म्हणून ओळखला जाऊ लागला.

कच्चा माल कोलेस्टेरॉल. आणि इथे एक मोठी गंमत आहे: किड्यांना कोलेस्टेरॉल स्वतः बनवताच येत नाही. आपले यकृत ते रोज बनवते. अळीला ते पानातून मिळवावे लागते. पाला खाणारी अळी वनस्पतीतले स्टेरॉल घेते आणि त्याचे कोलेस्टेरॉल करते. ग्रंथीतली हॅलोवीन विकरे त्याला एकेका ठिकाणी ऑक्सिजन जोडत एक्डायसोनपर्यंत आणतात. शेवटची पायरी ग्रंथीबाहेर, चरबीच्या ऊतीत आणि इतरत्र पार पडते, आणि तेव्हा खरे कामाचे संप्रेरक तयार होते. म्हणजे ऐनाचे पान, चार मेंदूपेशी, छातीतली ग्रंथी आणि चरबी, एवढ्या सगळ्यांची संमती मिळाल्याशिवाय कात पडत नाही.

मेंदूला हे कसे कळते, की आता हुकूम सोडायचा? याचे सर्वात स्वच्छ उत्तर तंबाखूच्या पानावरच्या एका धिप्पाड अळीने दिले. मँड्यूका हे तिचे नाव. 1970 च्या दशकात फ्रेड नाइहाउट आणि कॅरोल विल्यम्स यांनी दाखवले, की शेवटच्या टप्प्यातली अळी सुमारे 5 ग्रॅमची झाली की तिच्या आत काहीतरी पक्के होते. त्याआधी उपाशी ठेवली तर ती वाट पाहते. त्यानंतर उपाशी ठेवली तरी ती ठरल्या वेळी कोषावस्थेकडे जाते, मग पतंग लहान झाला तरी चालेल. आणि एवढ्यावरही भागत नाही. वजन भरले तरी मेंदू हुकूम सोडतो तो रात्रीच्या ठरावीक प्रहरांतच. त्या वेळेच्या आत वजन भरले तर आजची रात्र. जरा उशीर झाला तर उद्याची. अळीच्या आत तराजूही आहे आणि घड्याळही, आणि दोन्ही जुळले तरच दार उघडते.

त्याआधी 1934 मध्ये लंडनच्या व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी रक्त पिणाऱ्या ढेकणांत याचेच दुसरे रूप पाहिले होते. त्या ढेकणात तराजूची जागा पोटाच्या ताणाने घेतलेली असते. एका दमात भरपेट रक्त प्यायला, पोट ताणले गेले, की मेंदूला खबर जाते. थोडे थोडे पाजले तर नाही.

आता या गोष्टीतले दुसरे पात्र. फक्त एक्डायसोन असते तर अळी पहिल्याच कातीत पतंग व्हायला हवी होती. टसराची अळी चार वेळा कात टाकते आणि चारही वेळा अळीच राहते. कारण मेंदूच्या मागे कॉर्पोरा अलाटा नावाच्या दोन इवल्या ग्रंथी आहेत, आणि त्या ज्युव्हेनाइल हार्मोन तयार करतात. त्याला बाल्यसंप्रेरक म्हणावे. ते रक्तात असेपर्यंत कात पडली तरी बाळपण सुटत नाही. शेवटच्या टप्प्यात वजन भरले की ते घटते, आणि ते घटल्याशिवाय मेंदू पीटीटीएच सोडतच नाही.

बाल्यसंप्रेरकाचे नियमन जास्त नाजूक आहे, कारण ते साठवले जात नाही. तयार झाले की लगेच बाहेर. म्हणून रक्तातले त्याचे प्रमाण म्हणजे ग्रंथीच्या त्या क्षणीच्या कामाचा वेग. मेंदूतून येणारे काही छोटे पेप्टाइड तो वेग वाढवतात, त्यांना अलाटोट्रॉपिन म्हणतात. काही तो रोखतात, ते अलाटोस्टॅटिन. दोन्ही 1989 मध्ये ओळखले गेले, पहिले मँड्यूकाच्या मेंदूत, दुसरे झुरळात. शिवाय रक्तात एक विकर फिरत असते, ज्याचे काम उरलेसुरले बाल्यसंप्रेरक मोडून टाकणे. एका बाजूने नळ बंद करायचा आणि दुसऱ्या बाजूने बोळा काढायचा, तेव्हा हौद रिकामा होतो.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्याचा शेवट आमच्या कपाशीत होतो.

1964 मध्ये प्रागहून कारेल स्लामा हे संशोधक हार्वर्डमध्ये विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत आले. सोबत त्यांनी युरोपातले लाल-काळे ढेकूण आणले होते, वर्षानुवर्षे पाळलेले. अमेरिकेत ते ढेकूण वयातच येईनात. पाचव्या टप्प्यानंतर पंख फुटायचे, तर ते सहाव्या टप्प्याचे पिल्लू होत, काही सातव्याचे, आणि तसेच मरत. कुठून तरी बाल्यसंप्रेरकासारखे काहीतरी त्यांच्या अंगात जात होते. पाणी तपासले, बी तपासले, काचेची भांडी तपासली. शेवटी संशय भांड्यातल्या कागदावर आला. डब्यात टाकलेला अमेरिकी हातपुसणीचा कागद काढून टाकला आणि ढेकूण नीट वाढले. मग वर्तमानपत्रे तपासली. न्यूयॉर्क टाइम्सच्या कागदावर पिल्ले बाळच राहिली. लंडनच्या टाइम्सच्या आणि नेचर नियतकालिकाच्या कागदावर ती वयात आली. अमेरिकी कागद ज्या बाल्सम फर झाडाच्या लगद्यापासून होतो, त्या झाडातच हे द्रव्य होते. पुढे त्याला जुवाबायोन नाव मिळाले. त्या झाडाने बाल्यसंप्रेरकाची नक्कल करून ठेवली होती.

ही नक्कल सगळ्या किड्यांवर चालत नव्हती. ती चालत होती एकाच कुळावर. आणि त्या कुळात आमचा लाल ढेकण्या येतो.

विदर्भातल्या शेतकऱ्याला लाल ढेकण्या दाखवावा लागत नाही. बोंड उमलले की शेंदरी रंगाचे, पाठीवर काळे ठिपके असलेले हे किडे घोळक्याने सरकीतला रस ओढत बसलेले दिसतात. बी पोकळ होते, रुईवर पिवळट डाग पडतात आणि वेचणीत कवडी कापूस वाढतो. त्याचे शास्त्रीय नाव डिस्डर्कस कोनिगी. 1966 मध्ये के. एन. सक्सेना आणि विल्यम्स यांनी नेचरमध्ये छोटा लेख लिहून दाखवले, की कागदातले ते द्रव्य या लाल ढेकण्यालाही वयात येऊ देत नाही. ज्या नेचरच्या कागदावर ढेकूण सुखाने वाढले होते, त्याच्यावरच ही बातमी छापली गेली.

पुढच्या वर्षी विल्यम्स यांनी या विचाराला नाव दिले: तिसऱ्या पिढीची कीटकनाशके. पहिली पिढी आर्सेनिकसारख्या विषांची, दुसरी डीडीटीची, आणि तिसरी किड्याच्याच संप्रेरकांची. विष न देता किड्याला चुकीच्या वेळी चुकीचा हुकूम द्यायचा. त्यांना वाटत होते की किडा स्वतःच्याच संप्रेरकाला प्रतिकार करू शकणार नाही. तो अंदाज पुढे पूर्ण खरा ठरला नाही, पण वाट मात्र पडली. आज कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसाठी वापरले जाणारे पायरीप्रॉक्सिफेन ही बाल्यसंप्रेरकाची नक्कलच आहे. ते माशी पटकन पाडत नाही. तिची अंडी उबत नाहीत, पिल्ले माशी होत नाहीत.

नकली हुकूम मात्र कोणाच्या शेतात पोचेल याचा नेम नसतो, हे रेशीमवाल्यांनी सोसले आहे. इटलीत 1980-90 च्या दशकांत फळबागांवर फेनॉक्सिकार्ब नावाची अशीच नक्कल फवारली जाऊ लागली. वाऱ्याने तिचा अंश तुतीच्या पानांवर बसला. रेशीमकिडे खात राहिले, मोठे होत राहिले, आणि कोष केलाच नाही. मेलेही नाहीत, फक्त बाळपण संपेना. तिथला उरलासुरला रेशीम धंदा यात खचला. ज्याच्या तुतीच्या प्लॉटशेजारी कपाशी किंवा संत्रा आहे, त्या शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या पंपात काय आहे हे विचारण्याची लाज वाटून घेऊ नये. औषधाच्या डब्यावर विषाचा रंग सौम्य आहे म्हणून ते रेशीमकिड्याला सौम्य असते असे नाही. रेणूच्या अगदी सूक्ष्म मात्रेनेही मेंदूचा हिशेब चुकू शकतो.

याच ज्ञानाची उजळ बाजूही तुतीच्या शेडमध्ये दिसते. मैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने वनस्पतीतून मिळणाऱ्या एक्डायसोनसदृश द्रव्यापासून ‘संपूर्ण’ नावाचे द्रावण तयार केले आहे. शेडमधल्या काही अळ्या पिकू लागल्या की ते पाल्यावर फवारतात. मागे राहिलेल्या अळ्यांनाही त्याच दिवशी कोष करण्याचा हुकूम मिळतो, आणि कोष बांधण्याच्या चंद्रिकांवर सगळा लॉट एकाच वेळी चढतो. वजनाच्या उंबरठ्यापलीकडे गेलेल्या अळ्यांनाच तो हुकूम मानवतो. म्हणून तो कधी द्यायचा यावरच सगळे अवलंबून.

नकली हुकूम झाला. पण हुकूम सुटूच न देण्याची युक्ती तर प्रत्येक गावाच्या वेशीवर उभी आहे.

जूनअखेर कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. पूर्वी त्या पायाखाली जात. आता ज्याला पुढच्या हंगामाची काळजी आहे तो गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवतो. पाच टक्के निंबोळी अर्काची कृती आमच्याकडे तोंडपाठ आहे. 5 किलो निंबोळी कुटायची, पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्याने गाळायची, थोडा साबणाचा चुरा विरघळवायचा आणि एकूण 100 लिटर पाणी करायचे. गाळताना हाताला जो कडू, लसणासारखा उग्र वास लागतो तो दोन दिवस जात नाही. त्यातला मुख्य रेणू अझाडिरॅक्टिन. 1968 मध्ये तो वेगळा केला गेला, आणि त्याची रचना इतकी गुंतागुंतीची निघाली की प्रयोगशाळेत तो मुळापासून घडवायला 2007 उजाडले.

शेतकरी फवारतो, दुसऱ्या दिवशी पाहतो, तर अळ्या जिवंत. ‘काही फरक नाही बा’ म्हणतो आणि जहाल औषध आणायला जातो. इथे मला फार हळहळ वाटते, कारण काम सुरू झालेले असते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. अझाडिरॅक्टिन एक तर खाण्याची इच्छा मारते. पण त्याचा खोल घाव दुसरीकडे आहे. मेंदूने केलेला हुकूम मेंदूमागच्या ज्या ग्रंथींत साठून राहतो तिथून तो सुटतच नाही. साठा पडून राहतो. अग्रवक्ष ग्रंथी वाट पाहते, एक्डायसोनची लाट वेळेवर उठत नाही, किंवा अर्धीच उठते. चार-सहा दिवसांनी पाहिले तर काही अळ्या अर्धवट कात टाकून जुन्या कातडीत अडकलेल्या, काही वाकड्या, काही तशाच लहान. सांगणाऱ्याने हे ‘आठव्या दिवशी बघा’ असे सांगितले असते, तर कितीतरी फवारण्या वाचल्या असत्या. निंबोळी अर्क लहान अळीवर, संध्याकाळी, ताजा करून मारायचा असतो. मोठी अळी आणि दुपारचे ऊन या दोन्हींपुढे तो उणा पडतो.

नागपुरातही या विषयावर काम झाले आहे, हे सांगायला मला आनंद वाटतो. नागपूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डी. बी. टेंभरे आणि व्ही. के. ठाकरे यांनी 1970 च्या दशकात ऑर्थेट्रम क्रायसिस या चतुराचा अभ्यास केला. अंड्यात बलक भरताना मादीच्या अंडाशयात काय घडते, ते त्यांनी पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अनेक किड्यांत वयात आल्यावर बाल्यसंप्रेरक पुन्हा वाढते, पण आता त्याचे काम वेगळे, अंडी भरवण्याचे. एकच रस लहानपणी ‘मोठा होऊ नकोस’ म्हणतो आणि मोठेपणी ‘आता आई हो’ म्हणतो. अर्थ रसात नाही, ऐकणाऱ्या ऊतीच्या वयात आहे. पावसाळ्यानंतर फुटाळा तलावाच्या काठाने चतुर घिरट्या घालताना दिसले की मला ते काप आठवतात.

आता पुन्हा आरमोरीच्या त्या खोलीत.

नोव्हेंबरच्या कोषातला जीव का थांबला, याचे उत्तर आता सोपे झाले. त्याच्या मेंदूने पीटीटीएच सोडणे बंद केले. ग्रंथीला हुकूम नाही, म्हणून एक्डायसोन नाही, म्हणून पंख नाहीत. विल्यम्स यांनी 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या सिक्रोपिया या टसराच्याच नात्यातल्या मोठ्या पतंगावर हे दाखवून दिले. थांबलेला कोषस्थ जीव उबेत ठेवला तर महिनोन्‌महिने थांबूनच राहतो. दीड-दोन महिने कडक थंडीत ठेवून मग उबेत आणला तर जागा होतो. मग त्यांनी थंडी खाल्लेला मेंदू काढून, थंडी न खाल्लेल्या जिवात बसवला. तोही जागा झाला. थंडी मोजत होता तो मेंदू.

चीनमधल्या ओकवर वाढणाऱ्या टसरात तर मेंदू प्रकाशही मोजतो. हा किडा आमच्या टसराचा सख्खा चुलतभाऊ, नावातही अँथेरिया. त्याच्या कोषस्थ जिवाच्या कपाळावर, बरोबर मेंदूवर, त्वचेची एक पारदर्शक खिडकी असते. 1964 मध्ये विल्यम्स आणि ॲडकिसन यांनी एकाच जिवाचे डोके मोठ्या दिवसात आणि शेपूट लहान दिवसात ठेवले. डोक्याला मिळालेला दिवस मोजला गेला. मग मेंदू काढून शेपटीकडे बसवला. आता शेपटीला मिळालेला दिवस मोजला गेला. डोळ्यांचा संबंधच नव्हता.

नागपूरच्या अक्षांशावर वर्षातला सर्वात मोठा आणि सर्वात लहान दिवस यांत फरक सुमारे अडीच तासांचा. उत्तरेकडच्या देशांच्या मानाने हा फरक थोडा, पण अळीला तो पुरतो. दिवस लांब असताना, श्रावणाच्या आगेमागे वाढलेली अळी पुढे थांबत नाही. दिवाळीच्या आसपास, आखूड होत जाणाऱ्या दिवसांत वाढलेली थांबते. ज्या पानावर ती वाढते ते ऐनाचे पानही उन्हाळ्यापूर्वी गळून जाणार, आणि नवी कोवळी पालवी पावसाच्या तोंडावर येणार. मधल्या काळात पतंग बाहेर आला तर त्याच्या लेकरांना खायला काही नाही. पतंगाला स्वतःला तर तोंडच धड नसते. तो काही खात नाही, अळीपणी साठवलेल्यावरच दिवस काढतो आणि तेही थोडेच. चूक सुधारायला त्याच्याकडे वेळ नाही.

म्हणूनच केंद्रावरची माणसे मार्च-एप्रिलमध्ये माळांना सर्वात जास्त जपतात. खोलीत ऊन चढू नये म्हणून ओली पोती लावतात, झरोके राखतात. उष्णता जास्त झाली तर काही कोष अवेळी उघडतात. आज दोन नर, परवा एक मादी. जोडी जमत नाही, अंडी वाया जातात, आणि जूनमध्ये ज्या कुटुंबाला अंडीपुंज द्यायचे त्याच्या वाट्याचे कमी होतात. मेंदूतल्या चार पेशींनी आठ आठवडे आधी तोंड उघडले, एवढेच कारण.

मे सरतो. दिवस मोठे झालेले असतात, हवेत दमटपणा वाढू लागतो, आणि माळेतल्या जिवांत एक्डायसोन चढू लागते. बाहेरून काही दिसत नाही. आत अंगाची पुरी मोडतोड होऊन पंख, मिशा आणि अंडाशय घडत असतात.

घडून झाल्यावरही पतंग लगेच निघत नाही. त्यालाही एक हुकूम लागतो, बाहेर पडण्याच्या संप्रेरकाचा, आणि तोही मेंदूच सोडतो, दिवसाच्या ठरावीक वेळी. 1970 मध्ये ट्रुमन आणि रिडिफोर्ड यांनी सिक्रोपिया आणि चिनी टसर यांच्या मेंदूंची अदलाबदल केली. सिक्रोपिया सकाळी बाहेर येतो, चिनी टसर दिवस कलता कलता. मेंदू बदलल्यावर सिक्रोपियाच्या अंगाने चिनी टसराची वेळ पाळली, आणि चिनी टसराच्या अंगाने सिक्रोपियाची.

आमचा टसर संध्याकाळचा. दिवेलागणीच्या सुमारास माळेखाली उभे राहिले की एका कोषाच्या देठाकडची बाजू ओली, काळपट होताना दिसते. पतंगाने तोंडातून सोडलेला रस रेशीम बांधून ठेवणारा डिंक सैल करतो. धागे बाजूला सरतात, मग पुढचे पाय, मग ओले, चुरगळलेले पंख. तो कोषालाच धरून उलटा लटकतो आणि पंखांत रक्त भरू लागते. अर्ध्या तासात ते तळहाताहून मोठे होतात, प्रत्येक पंखावर एक गोल पारदर्शक डोळा. माळ सांभाळणारी बाई कंदील वर धरून पाहते, नर की मादी, आणि मादी असेल तर उद्या पहाटेपर्यंत तिला तिथेच बसू देते.